फादर जूलियस न्यूलंड : रसायनशाळेंतील एक धर्मगुरु

कार्बाइडच्या खड्यांवर पाणी पडलें म्हणजे जो वायु निघतो, त्याची ओळख आपल्या वाडवडिलांस चांगली होती. सायकलीच्या दिव्यांत तो जळत असे, आणि आजहि लोखंड जोडणाऱ्या कारागिराच्या हातीं त्याचीच प्रखर ज्योत दिसते. ॲसिटिलीन हें त्याचें नांव. ह्या एका वायूच्या शोधांत ज्यांनीं आपल्या आयुष्याचा मोठा भाग वेंचला, ते फादर जूलियस न्यूलंड हे विद्यापीठांत रसायनशास्त्र शिकविणारे कॅथलिक धर्मगुरु होते. त्यांचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों, तें ह्यासाठीं कीं, विद्या मिळविणें, ती कोणत्या वाटेनें न्यावयाची हें ठरविणें आणि तिचें फळ स्वतःकडे न ठेवणें, ह्या तीनहि गोष्टी त्यांत एकत्र आढळतात.

बेल्जम देशांत घेंट शहराजवळ हान्सबेके नांवाचें खेडें आहे. तेथें ता. १४ फेब्रुवारी १८७८ रोजीं जूलियस यांचा जन्म झाला. ते दोन वर्षांचे असतांना आईबापांनीं अमेरिकेची वाट धरली व इंडियाना संस्थानांतील साउथ बेंड येथें बिऱ्हाड केलें. शहरालगतच पवित्र क्रूस संघाचें नोत्र दाम विद्यापीठ होतें. तेथें लॅटिन व ग्रीक भाषा शिकून १८९९ सालीं ते पदवीधर झाले, आणि संघांत प्रवेश करून १९०३ सालीं त्यांनीं गुरुदीक्षा घेतली. पुढील वर्षीं वॉशिंग्टन येथील कॅथलिक विद्यापीठानें त्यांस डॉक्टरची पदवी दिली. प्रबंधाचा विषय ॲसिटिलीन हाच होता.

ह्याच अभ्यासांत त्यांच्यावर एक कठीण प्रसंग ओढवला. आर्सेनिकच्या क्लोराइडाशीं ॲसिटिलीनचा संयोग करून पाहतां काळपट व असह्य दुर्गंधाचें द्रव्य तयार झालें. त्याच्या वाफेनें फादर असे आजारी पडले कीं, कांहीं दिवस त्यांस रुग्णालयांत काढावे लागले. झालें तें त्यांनीं प्रबंधांत प्रामाणिकपणें नोंदविलें, आणि ती वाट तेथेंच सोडून दिली. परंतु लिहिलेला शब्द लेखकाच्या हातीं राहत नाहीं. १९१८ सालीं, महायुद्ध चालू असतां, लुइस नांवाच्या रसायनज्ञास ही नोंद दाखविण्यांत आली, आणि तीवरून ल्युइसाइट नांवाचें भयंकर विषारी अस्त्र सिद्ध झालें. तें रणांगणावर पोंचण्यापूर्वींच युद्ध थांबलें, ही देवाची कृपा. फादरांनीं आपल्यापुरतें ठरविलें होतें : विषाची वाट नको, पण विषाच्या भयानें विद्याहि टाकावयाची नाहीं.

नोत्र दाम येथें परत आल्यावर त्यांच्याकडे वनस्पतिशास्त्राचें अध्यापन आलें. रसायनाची आवड असूनहि १९०४ पासून १९१८ पर्यंत त्यांनीं तें काम मन लावून केलें, आणि १९०९ सालीं अमेरिकन मिडलंड नॅचरॅलिस्ट हें शास्त्रीय नियतकालिक काढलें. १९१८ सालीं ते सेंद्रिय रसायनाचे प्राध्यापक झाले व अखेरपर्यंत त्याच पदावर राहिले. त्यांची खरी शिकवण प्रयोगशाळेंत होत असे. तयार झालेली विद्या मुलांस सांगून ते थांबत नसत. अजून कोणासहि न उलगडलेल्या प्रश्नावर त्यांस आपल्याबरोबर कामास लावीत, आणि फळ हातीं आलें म्हणजे निबंधावर आपल्या नांवाबरोबर त्यांचींहि नांवें घालीत. रिचर्ड व्होट व जॉर्ज हेनियन हे अशांपैकींच होत. हेनियन पुढें त्याच विद्यापीठांत प्राध्यापक झाले. फुटबॉलचा शिक्षक म्हणून अमेरिकाभर गाजलेला नूट रॉक्नी हाहि १९१४ सालीं पदवीधर झाल्यावर आधीं ह्याच रसायनशाळेंत मदतनीस होता.

आतां त्यांच्या चिकाटीची गोष्ट. १९०६ सालीं तांब्याच्या क्लोराइडाच्या मिश्रणांत ॲसिटिलीन सोडतांना त्यांस एक अनोळखी वास आला. द्रव्य हातीं लागेना, नुसता वास येई. दुसरा कोणी असता तर खिडकी उघडून मोकळा झाला असता. फादरांनीं त्या वासाचा माग सुमारें चौदा वर्षें काढला, तेव्हां कोठें १९२० च्या सुमारास डायव्हिनिल ॲसिटिलीन नांवाचें द्रव्य त्यांच्या हातीं आलें. त्यावर गंधकाच्या क्लोराइडाची क्रिया करतां रबरासारखा लवचिक पदार्थ मिळाला. मात्र तो फार मऊ असल्यामुळें उपयोगीं पडण्यासारखा नव्हता. १९२५ सालीं रॉचेस्टर येथील रसायनज्ञांच्या सभेंत त्यांनीं ही हकिकत सांगितली. तेथें ड्यु पॉन्ट कारखान्याचे एल्मर बोल्टन हजर होते. पुढें त्या कारखान्यांत वॉलेस कॅरोदर्स यांच्या मंडळींनीं हें काम नेटानें चालविलें, आणि १९३० सालीं आर्नल्ड कॉलिन्स यांस क्लोरोप्रीन मिळालें. त्यापासून झालेलें कृत्रिम रबर १९३१ सालीं जगासमोर आलें. पुढें त्यास निओप्रीन हें नांव पडलें. झाडाच्या चिकाचें रबर तेलानें व पेट्रोलानें फुगून खराब होतें, तसें हें लवकर होत नाहीं. म्हणून यंत्रांच्या नळ्या, पट्टे व विजेच्या तारांचीं आवरणें ह्यांसाठीं त्यास मोठी मागणी आली.

ह्या शोधाबद्दल कारखान्याकडून जें द्रव्य मिळालें, त्यांतील एक पैसाहि फादरांनीं स्वतःचा म्हटला नाहीं. निर्धनतेचें व्रत घेतलेल्या माणसास खिसाच नसतो. तें सारें संघाकडे व विद्यापीठाकडे गेलें, आणि फादर पूर्वींप्रमाणेंच आपल्या काचेच्या नळ्यांकडे वळले.

१९३५ सालीं अमेरिकन रसायनज्ञांचें निकल्स पदक त्यांस मिळालें. पुढील वर्षीं ते वॉशिंग्टनला आपल्या जुन्या विद्यापीठाच्या भेटीस गेले असतां, ता. ११ जून १९३६ रोजीं तेथेंच हृदयक्रिया बंद पडून ते प्रभूच्या घरीं गेले. ज्या ठिकाणीं त्यांनीं विद्यार्थी म्हणून त्या वायूशीं पहिली ओळख केली, तेथेंच त्यांच्या आयुष्याचा दिवस मावळला.

एकाच वायूपासून मारक विष निघालें आणि उपयोगी रबरहि निघालें. वायूस बरेंवाईट कळत नाहीं. तें माणसास कळावें लागतें. आपल्या मुलांस शास्त्र शिकवितांना आपण त्यांस गुणांची व पगाराची आशा दाखवितों. त्याबरोबरच कोणती वाट सोडावी आणि कोणत्या वाटेवर चौदा वर्षें चालावें, हेंहि त्यांस आपल्या घरांत व शाळेंत शिकावयास मिळावें, अशी आमची मनापासून इच्छा आहे.