अर्ध्या तासाचे येणे

शिर्डीतली सर्वांत प्रसिद्ध कुस्ती ही हरलेली कुस्ती आहे. मोहिद्दीन तांबोळी नावाच्या माणसाशी साईबाबांचे बिनसले, प्रकरण हातघाईवर आले आणि त्या झुंजीत बाबा हरले, असे दाभोलकरांच्या ‘साईसच्चरिता’त नमूद आहे. त्यानंतर बाबांनी पोशाख बदलला, अंगात कफनी आली, डोक्याला फडके आले. जवळच्या पुणतांब्याच्या गंगागीर महाराजांनाही कुस्तीचा नाद होता, हे त्याच पोथीत वाचायला मिळते. त्या कथेत हरणारा आहे, जिंकणारा आहे. पंच मात्र नाही.

नगर जिल्ह्यात यात्रेतल्या कुस्त्यांना हगामा म्हणतात. रामनवमीची यात्रा असो की एखाद्या आडगावच्या म्हसोबाची, हगामा आलाच. बँकेच्या नोकरीत या भागात फिरताना असे पुष्कळ हगामे पाहिले. सुरुवातीला पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळाच्या, आणि ऊन कलल्यावर मोठ्या इनामाची शेवटची जोड. लोक पैलवानांकडे पाहत. माझे लक्ष पंचाकडे जाई. कोणत्याही व्यवहारात तिसरा माणूस कोण, हे आधी पाहायची खोड बँकेने लावलेली. कसलेला पंच जोडीभोवती वाकून सारखा फिरत असतो. खांदे टेकले की नाही हे तो बघतोच. पण मान कुठे अडकली आहे, खालच्याचा श्वास चालतो आहे की कोंडला आहे, तेही बघतो. धोक्याची पकड दिसली की हात घालून जोड सोडवतो आणि पुन्हा उभी लावतो. या हस्तक्षेपाला टाळ्या पडत नाहीत. उलट शिट्ट्या पडतात.

खांद्यांवरून मात्र केवढे रणकंदन होते, ते २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरच्या वाडिया पार्कात साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. महाराष्ट्र केसरीच्या लढतीत पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चीत केल्याचा निकाल पंचांनी दिला. राक्षेला तो मान्य नव्हता. चित्रफीत पाहा, अशी त्याची मागणी होती. आणि संतापाच्या भरात त्याने पंचावर लाथ उगारली. पुढे त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. पंच बरोबर की मल्ल बरोबर, यावर गावोगावच्या पारांवर कितीतरी दिवस खल चालला होता. पंचाने पैलवानाच्या जिवाची काळजी घेतली की नाही, यावर कधी असा खल झाल्याचे मला आठवत नाही.

गंमत अशी, की ज्या कुस्तीला आपण नाटक म्हणून नाके मुरडतो त्या टीव्हीवरच्या व्यावसायिक कुस्तीत पंचाचे हे दुसरे काम अधिक उघड दिसते. तिथे कोण जिंकणार हे आधीच ठरलेले असते, त्यामुळे निकालाच्या बाबतीत पंचाला फारसे काही करायचे नसते. खरे काम एकच. पडलेला मल्ल पडल्याचे सोंग करतो आहे की खरोखर जायबंदी झाला आहे, हे ओळखायचे. दुखापत खरी असेल तर पंच दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुलीसारखे आडवे धरतो. पडद्यामागच्या लोकांना कळते, की आता खेळ संपला, डॉक्टर पाठवा. १३ जून २००९ रोजी जपानमध्ये हिरोशिमा येथे मित्सुहारू मिसावा हा नामांकित मल्ल पाठीवर आपटला गेला आणि उठलाच नाही. पंचाने विचारपूस केली, लढत थांबवली. पण त्याच रात्री मिसावा गेला. २० मार्च २०१५ रोजी मेक्सिकोत तिहुआना येथे पेरो अग्वायो ज्युनियर हा मल्ल दोरांवर निपचित लोंबकळत राहिला आणि त्याच्या शेजारी लढत आणखी काही वेळ चालूच राहिली. प्रेक्षकांना ते सोंगच वाटत होते. त्याचाही त्यातच अंत झाला. लवकर थांबवले असते तर तो वाचला असता का, हा डॉक्टरांचा प्रश्न. पण थांबवायचे कोणी, हा प्रश्न डॉक्टरांचा नाही.

माती असो, मॅट असो की रोषणाईतले रिंगण, पंचाकडे दोन खाती असतात. एक निकालाचे, दुसरे जिवाचे. सगळा गोंगाट पहिल्या खात्यावर. दुसरे सहसा कोणी उघडून पाहत नाही. खाशाबा जाधवांचे आयुष्य मला या दुसऱ्या खात्याच्या बाजूने पुन्हा वाचावेसे वाटते.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा. पाच भावांत हे धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे घरातच आखाडा. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण झाले आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. अंगाने लहानखुरे, वजनाने हलके. कोणाला पाहताक्षणी पैलवान वाटू नये असे. पण हालचाल विजेसारखी, आणि प्रतिस्पर्ध्याची मान काखेत धरून त्याला फेकून देणारा ढाक हा हातखंडा डाव.

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक झाले, तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलला आणि खाशाबा प्रथमच परदेशी मॅटवर उतरले. तांबड्या मातीत वाढलेल्या मल्लाला गादी म्हणजे परकी भूमी. मातीत पाय रुततो, गादीवर घसरतो. मातीत निकालापर्यंत झुंजायचे, इथे घड्याळ आणि गुण. फ्लायवेट गटात त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवले, इराणच्या मन्सूर रईसीकडून ते हरले आणि सहावे आले. अमेरिकन प्रशिक्षक रीस गार्डनर यांनी त्यांना गादीवरच्या कुस्तीचे धडे दिले. पुढची चार वर्षे खाशाबांनी तेच घोटले.

हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा पहिला अडथळा पंचांचाच आला. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी देऊन डावलले गेले, अशी खाशाबांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज कुस्तीचे शौकीन. पुन्हा चाचणी लावली गेली, आणि या खेपेस खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीत करून वादाला जागाच ठेवली नाही. दाद मागायला कोणी तरी असले, आणि ऐकणारा जागेवर असला, की काय होते ते इथे दिसते. हे लक्षात ठेवावे, पुढे उपयोगी पडेल.

दुसरा अडथळा पैशांचा. सरकारी मदत तुटपुंजी. गोळेश्वरकरांनी आपापल्या परीने वर्गणी काढली, ओळखीपाळखीच्यांनी हात दिला, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गहाणखते पाहण्यात माझी उमेद गेली. मुलीच्या लग्नासाठी, विहिरीसाठी, भावाच्या कोर्टकज्जासाठी घर गहाण पडलेले पाहिले. विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी गहाण पडलेले घर एकही पाहिले नाही. या कर्जाला परतफेडीची हमी म्हणावी तर एका पोराचे मनगट. कोणत्याही मॅनेजरने हा अर्ज परत पाठवला असता, आणि नियमाने त्याचे बरोबरच ठरले असते.

हेलसिंकीत खाशाबा बँटमवेट, म्हणजे ५७ किलोंच्या गटात होते. कॅनडाचा पोलिक्विन, मेक्सिकोचा बासुर्तो, जर्मनीचा श्मिट्झ असे एकेक गडी त्यांनी मागे टाकले आणि अखेरच्या तिघांत ते पोहोचले. उरलेले दोघे जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामदबेयोव्ह. त्यानंतरची हकीकत आजवर सांगितली जाते ती अशी: इशीशी झालेली लढत खूप लांबली. त्या काळी गादीवरची एक कुस्ती पंधरा मिनिटांपर्यंत चाले. ती गुणांवर हरून खाशाबा बाहेर आले, तोच त्यांना मामदबेयोव्हशी लढायला बोलावणे आले. दोन लढतींमध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यावी, असा नियम होता. तो सांगायला भारतीय पथकाचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबा तसेच गादीवर गेले, आणि हरले.

पंधरा मिनिटे झुंजलेल्या मल्लाचे शरीर कसे असते, हे आखाड्यात वावरलेल्यांना सांगायला नको. प्रथम बोटे जातात. मनगटे भरून येतात, पकड धरल्यासारखी वाटते आणि निसटते. छातीचा भाता थांबत नाही. मग मान जाते. खाली सापडलेला मल्ल मानेवर पूल करून खांदे वर धरतो. दमलेली मान तो भार पेलत नाही, आणि मणक्याला इजा होते ती नेमकी अशा वेळी. अर्ध्या तासाचा तो नियम म्हणजे मल्लाचे लाड नव्हते. अपघात होऊ नये म्हणून आधीच केलेली ती तरतूद होती. त्या दिवशी खाशाबांना इजा झाली नाही, म्हणून आपण ती गोष्ट पदकाच्या रंगापुरती सांगतो. मान मोडली असती तर हीच गोष्ट आपण कशी सांगितली असती?

जागेवर नसलेल्या भारतीय अधिकाऱ्यांना आजवर पुष्कळ दूषणे दिली गेली, आणि ती रास्तच आहेत. सात समुद्रांपलीकडे एक पोर गादीवर उभे आहे आणि त्याच्यासाठी तोंड उघडायला एक माणूस नाही, ही लाजिरवाणीच गोष्ट. पण एवढ्यावर थांबावे असे मला वाटत नाही. विश्रांती मागितली नाही म्हणून ती द्यायची नाही, हा कुठला न्याय? खातेदाराने अर्ज केला नाही म्हणून त्याचे व्याज बुडत नाही. वेळच्या वेळी ते खात्यात जमा करणे हे बँकेचेच काम. तो अर्धा तास खाशाबांचे येणे होते. घड्याळ पंचांच्या टेबलावर होते. नुकत्याच उतरलेल्या मल्लाला पुन्हा चढताना पाहून त्याला थांबवण्याचा अधिकार ज्याला होता, त्याचे ते कर्तव्यही होते.

अर्धा तास मिळता तर खाशाबा जिंकलेच असते, असे मी म्हणत नाही. मामदबेयोव्ह लेचापेचा नव्हता, त्याला रौप्यपदक मिळाले, इशीला सुवर्ण. खाशाबांच्या वाट्याला कांस्य आले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक. दुसरे मिळायला १९९६ साल उजाडावे लागले, अटलांटात लिअँडर पेसचे.

आज गादीच्या कडेला डॉक्टर असतो, आणि मल्लाच्या जिवाला धोका दिसला तर लढत थांबवायला लावण्याचा अधिकार त्याला असतो. म्हणून प्रश्न सुटला असे नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये निशा दहिया ८-१ अशी आघाडीवर असताना तिचा हात दुखावला. उपचार झाले, पट्ट्या बांधल्या, ती रडत रडत उभी राहिली आणि ८-१० अशी हरली. तिला लढायचे होते. खाशाबांनाही लढायचेच होते. मल्लाला नेहमीच लढायचे असते. म्हणून तर आखाड्यात तिसरा माणूस लागतो.

खाशाबा परतले तेव्हा कऱ्हाड स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ढोलताशे, गुलाल, सारे काही झाले. पण मला त्याहून मोठी वाटते ती नंतरची गोष्ट. गुलाल धुऊन खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे फड लावले, स्वतः लढले, आणि त्या कमाईतून प्राचार्यांचे घर सोडवून दिले. ऑलिंपिक पदक मिळवल्यावर एखादा माणूस प्रथम काय करतो, यावरून त्याची पारख करायची तर एवढे एक उदाहरण पुरे.

१९५५ साली ते पोलीस खात्यात सबइन्स्पेक्टर झाले. १९५६ च्या ऑलिंपिकची तयारी चालू असता गुडघा दुखावला आणि मेलबर्नची वाट बंद झाली. मग सुमारे २७ वर्षे खाकी वर्दी. बढती रखडली ती रखडलीच; असिस्टंट कमिशनरचा हुद्दा मिळाला तो निवृत्तीच्या तोंडावर. १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धेच्या वेळी ज्योत वाहून नेणाऱ्यांत त्यांची आठवण ठेवली गेली, एवढेच. पेन्शनसाठी मात्र खेटे घालावे लागले. नियम सांगायला आपल्या बाजूने कोणी उभे नाही, हा अनुभव त्यांना हेलसिंकीत आला होता. सरकारी टेबलांपुढे तो पुन्हा आला.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात खाशाबा गेले. अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तो २००० सालचा, मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला २०१० मध्ये त्यांचे नाव दिले गेले. गोळेश्वरला त्यांचे घर आहे. त्या घराचे नाव ‘ऑलिंपिक निवास’.