सर सॅम ब्राउन

उजव्या खांद्यावरून छातीवर तिरपा उतरून कमरपट्ट्याला मिळणारा चामडी पट्टा आमच्या अनेक ज्ञातिकुटुंबांत कोणा फौजदाराच्या वा लष्करी अधिकाऱ्याच्या तसबिरीत दिसेल. त्यास सॅम ब्राउन म्हणतात. हे एका घोडेस्वार सेनानीचे नाव होय.

सॅम्युएल ब्राउन यांचा जन्म १८२४ साली बंगालमधील बराकपूर येथे झाला. दुसऱ्या शीख युद्धात ते लढले. १८४९ मध्ये पंजाब खालसा झाल्यावर नव्या सरहद्दीसाठी जी घोडदळे उभारण्यात आली, त्यांपैकी दुसऱ्या पंजाब रिसाल्याची उभारणी त्यांनी केली. ह्या रिसाल्यांत घोडा व सरंजाम स्वाराचाच असे. ही आपलीच शिलेदारी. इंग्रजांनी शब्दही तोच ठेवला होता.

१८५७ च्या उठावात ब्राउन आमच्या विरुद्ध बाजूस होते, हे आम्ही विसरत नाही. तथापि शौर्य शत्रूचे असले तरी ते नाकारणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. ३१ ऑगस्ट १८५८ रोजी रोहिलखंडात सिरपुरा येथे पहाटे ते एकाच स्वारासह नऊ पौंडी तोफेवर चालून गेले आणि गोलंदाजांना ती पुन्हा भरू दिली नाही. त्या झटापटीत गुडघ्यावर वार बसला व डावा हात खांद्यापासून तुटला. तोफ हाती आली. ब्राउन यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या पदकाच्या सन्मानपत्रात मात्र बरोबरच्या स्वाराचे नाव नाही. तोफेशी अखेरपर्यंत झुंजलेल्या गोलंदाजाचेही नाही. हिंदी शिपायांस ते पदक १९११ पर्यंत खुलेच नव्हते! ज्यांच्या घराण्यांतून पिढ्यान्‌पिढ्या शिपाई गेले, त्यांना ह्याचे शल्य निराळे सांगावयास नको.

डावा हात गेला म्हणजे म्यान धरण्याची सोय गेली. एका हाताने लगाम सांभाळावा की तलवार उपसावी? ब्राउन यांनी कमरपट्ट्याला म्यान अडकवून त्याचा भार उजव्या खांद्यावरील पट्ट्यावर घेतला. सोय पाहून धडधाकट अधिकारीही तसाच पट्टा वापरू लागले.

नोव्हेंबर १८७८ मध्ये खैबरखिंडीतील अली मशिदीवर त्यांनीच फौज नेली. पहिल्या दिवशी समोरचा हल्ला अडला. पण पिछाडीस इंग्रज तुकडी पोहोचल्याने अफगाणांनी रात्रीच ठाणे सोडले. १८७९ च्या मे महिन्यात गंडमकचा तह त्यांच्याच छावणीत झाला. १४ मार्च १९०१ रोजी वाइट बेटावर राइड येथे ते वारले.