जॉर्ज जाकोब : राजाच्या खुर्च्या घडवणारा सुतार

जॉर्ज जाकोब यांचा जन्म ६ जुलै १७३९ रोजी फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील शेनी या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी झाला. सोळाएक वर्षांचे असताना ते पॅरिसला आले, लुई दलानुआ या नामवंत कारागिराकडे खुर्च्यांचं काम शिकले आणि १७६५ मध्ये सुतारसंघाचे 'उस्ताद' झाले. उस्ताद झाल्याशिवाय स्वतःचं दुकान थाटता येत नसे, आणि मालावर आपल्या नावाचा शिक्का मारावा लागे.

इथे मुलांना एक गोष्ट जरूर सांगावी. फ्रान्सच्या मोठमोठ्या वाड्यांतही पूर्वी जेवणाची वेगळी खोली नसायची. लाकडी घोड्यांवर फळ्या टाकायच्या, वर कापड अंथरायचं, जेवणं झाली की सगळं उचलायचं! म्हणजे आपल्या पंगतीसारखंच. अठराव्या शतकात जेवणाची खोली रूढ झाली, तशा तिथे कायम राहणाऱ्या टेबल-खुर्च्याही आल्या. पॉम्पेईच्या उत्खननामुळे तेव्हा ग्रीक-रोमन वळणाचं वेड होतं. वाकडे पाय जाऊन सरळ, खाली निमुळते होत जाणारे, उभ्या खाचांचे पाय आले. जाकोब यांचा हात या कामात फार सफाईचा. इंग्रजी पद्धतीच्या जाळीदार पाठीच्या महोगनी खुर्च्या त्यांनी फ्रान्समध्ये लोकप्रिय केल्या. १७८७ मध्ये राणी मारी आंत्वानेतच्या रांबुइये इथल्या दुग्धगृहासाठीही त्यांनीच आसनं बनवली.

मग १७८९ ची राज्यक्रांती. सरदार गिऱ्हाइकं देश सोडून पळाली, उधारी बुडाली. राजघराण्याचा सुतार म्हणून जिवावरही बेतलं असतं. पण चित्रकार डेव्हिड त्यांचे स्नेही. त्यांच्या चित्रशाळेसाठी जाकोब यांनी रोमन थाटाचं फर्निचर केलं होतं. डेव्हिड क्रांतिकारकांत वजनदार, त्यांनी सांभाळून घेतलं. एवढंच नव्हे, १७९३ मध्ये क्रांतीच्या राष्ट्रसभेचं फर्निचरही जाकोब यांच्याच कारखान्यात झालं.

१७९६ मध्ये त्यांनी धंदा दोन मुलांकडे सोपवला. १८०३ मध्ये थोरला मुलगा वारला, तेव्हा म्हातारपणी ते पुन्हा धाकट्या फ्रान्स्वा-ओनोरेच्या मदतीला आले. नेपोलियनच्या राजवाड्यांची कामं मिळाली, कारखान्यात ३०० हून अधिक माणसं राबू लागली. पण युद्धात अडकलेलं सरकार पैसे वेळेवर देईना. समुद्रावरच्या नाकेबंदीने महोगनीही दुर्मीळ झालं. १८१३ मध्ये कारखान्याचं दिवाळं निघालं.

पुढच्या वर्षी, ५ जुलै १८१४ रोजी, पंचाहत्तरी पूर्ण व्हायला एक दिवस उरला असताना जाकोब वारले. मुलाने नंतर कारखाना पुन्हा उभा केला.