पोरक्या मुलांचे बाबा : उस्ताद अल्लाउद्दीन खाँ

सरोदवादक उस्ताद अल्लाउद्दीन खाँ हे रविशंकर यांचे गुरू म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. पण मैहरच्या अनाथ पोरांचेही ते गुरू होते, हे फारसे कोणी सांगत नाही.

त्यांचा जन्म आज बांगलादेशात असलेल्या शिबपूर गावचा. गाण्याच्या ओढीने लहानपणीच घर सोडले, कलकत्त्यात अन्नछत्रात जेवून दिवस काढले. पुढे रामपूरला गेले. तिथले वजीर खाँ तानसेनाच्या वंशातले, नवाबाचे गुरू. त्यांच्या दारात या मुलाला कोण उभे करणार? शेवटी तो नवाबाच्या गाडीपुढे आडवा पडला म्हणे! तेव्हा कुठे शिष्य झाला. तरी खरी विद्या हाती यायला पुढे कित्येक वर्षे गेली. विद्या घराबाहेर जाऊ द्यायची नाही, अशीच तेव्हाची रीत.

1918 च्या सुमारास ते मैहर संस्थानात महाराज ब्रिजनाथ सिंह यांच्याकडे आले. त्याच काळात साथीत माणसे पटापट गेली, पोरे उघड्यावर पडली. बाबांनी ती गोळा केली आणि त्यांचा बँड उभारला. लिहून देण्याची भानगडच नाही. बाबांनी गाऊन दाखवायचे, मुलांनी ऐकायचे, तसेच वाजवायचे. चुकले की पुन्हा. सतार, सरोद, व्हायोलिन सगळे एकत्र. बंदुकीच्या नळ्या लहानमोठ्या कापून बाबांनी नळतरंग नावाचे वाद्यही बनवले. आपली पोरे तालमीला कोपऱ्यात बसून ढोलकी, पेटी उचलतात, त्यांना ही पद्धत नवी वाटणार नाही.

बाबा भारी तापट होते. मुलगा अली अकबर याला त्यांनी झाडाला बांधून मारल्याचे सांगतात. ते काही बरे नव्हे, गुरू कितीही मोठा असो.

धाकट्या मुलीला, अन्नपूर्णाला, मात्र ते शिकवतच नव्हते. थोरलीला गाण्यापायी सासरी त्रास झाला होता. एकदा बाबा बाहेर गेले असता भाऊ सरोदवर चुकला. अंगणात खेळणाऱ्या अन्नपूर्णाने तिथूनच बरोबर गाऊन दाखवले. बाबा मागे येऊन उभे! पोर घाबरली. पण त्यांनी तिला घरात नेले आणि त्या दिवसापासून शिकवायला घेतले.

बाबा 6 सप्टेंबर 1972 रोजी मैहरलाच वारले. अन्नपूर्णादेवी पुढे मुंबईत राहिल्या. बासरीवाले हरिप्रसाद चौरसिया त्यांच्याकडेच शिकले.