मिसिंग मारणाऱ्या गाडीत मेकॅनिक जे शोधतो, ते शोधण्यात रुडॉल्फ डिझेलची चार वर्षं गेली होती

डिझेल गाडी असणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव कधी ना कधी येतोच. गाडी सकाळी नीट चालते, हायवेला नीट चालते आणि घाटात मध्येच झटका मारते. गॅरेजला नेली की एकदम गुणी बाळासारखी वागते. मेकॅनिक अर्धा तास कान लावून ऐकतो आणि म्हणतो, काहीच नाही ओ, सोडा काळजी. तुम्ही चार किलोमीटर जाता आणि परत तेच.

याला आपल्याकडे गाडी मिसिंग मारते असं म्हणतात. सततचा बिघाड सापडतो, पण हा अधूनमधून येणारा बिघाड भल्याभल्यांना रडवतो.

पेट्रोल गाडी असेल तर पहिला संशय स्पार्क प्लगवर जातो. डिझेल गाडीत तो प्लगच नाही. मग नुसतं तेल पेट कसं घेतं आणि कधीकधी का घेत नाही?

या प्रश्नाचं उत्तर हवं असेल, तर ज्याच्या नावाने आपण पंपावर तेल भरतो, त्या माणसाची गोष्ट माहिती पाहिजे. कारण डिझेल हे आधी एका माणसाचं आडनाव होतं.

रुडॉल्फ डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील मात्र जर्मन. वडील चामड्याच्या वस्तू बनवायचे. घरची परिस्थिती बेताचीच. रुडॉल्फ बारा वर्षांचा असताना, १८७० साली, फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं. पॅरिसमधल्या जर्मन लोकांना शहर सोडावं लागलं आणि डिझेल कुटुंब लंडनला पोहोचलं.

तिथेही हातातोंडाची गाठ पडेना. म्हणून पोराला वडिलांच्या गावी, जर्मनीतल्या आउग्सबुर्गला नातेवाइकांकडे पाठवलं. ते गृहस्थ गणिताचे शिक्षक होते. रुडॉल्फ तिथल्या शाळेत पहिला आला आणि पुढे स्कॉलरशिपवर म्युनिकच्या पॉलिटेक्निकला गेला.

म्युनिकमध्ये त्याला कार्ल फॉन लिंडे हे प्राध्यापक भेटले. आज आपल्या घरात जो फ्रिज आहे, त्यामागचं तंत्र उभं करणाऱ्या मोजक्या लोकांपैकी हे एक. वर्गात त्यांनी एक गोष्ट सांगितली ती रुडॉल्फच्या डोक्यात कायमची बसली. त्या काळचं सगळं जग वाफेच्या इंजिनावर चालत होतं, पण जाळलेल्या कोळशातली ९० टक्के उष्णता फुकट जात होती. कामाला यायची ती जेमतेम १० टक्के.

१८७९ मध्ये टायफॉइड झाल्यामुळे त्याची परीक्षा हुकली. पुढच्या वर्षी त्याने ती दिली आणि उत्तम गुण घेऊन पास झाला. मग लिंडेंच्याच बर्फ बनवण्याच्या धंद्यात पॅरिसला नोकरी लागली. १८८३ साली मार्था फ्लाशेशी लग्न झालं आणि पुढे तीन मुलं झाली. दिवसा बर्फ बनवायचा आणि रात्री आग कशी नीट वापरायची याची गणितं मांडायची, असा त्याचा दिनक्रम.

आधी त्याने वाफेऐवजी अमोनियावर चालणारं इंजिन करून पाहिलं. एका चाचणीत स्फोट झाला आणि तो जिवानिशी वाचला. दवाखान्यातून बाहेर आल्यावर त्याने अमोनिया सोडला आणि हवेकडे वळला.

कल्पना सायकलच्या पंपातली

सायकलमध्ये हवा भरताना पंपाला हात लावून बघा, तो गरम झालेला असतो. हवा दाबली की तापते. डिझेलने हीच गोष्ट टोकाला नेली. सिलिंडरमध्ये नुसती हवा घ्यायची, ती इतकी दाबायची की तिचं तापमान पाचशे अंशांच्या वर जाईल, आणि मग अगदी शेवटच्या क्षणी त्यात तेलाचा बारीक फवारा सोडायचा. तेल आपोआप पेट घेणार. ठिणगीची गरजच नाही.

१८९२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, १८९३ मध्ये पेटंट मिळालं. त्याच वर्षी त्याने आपली कल्पना मांडणारं पुस्तक छापलं. आउग्सबुर्गचा मशीन कारखाना आणि बलाढ्य क्रुप कंपनी पाठीशी उभी राहिली. कागदावर सगळं जमलं होतं.

खरा खेळ यानंतर सुरू झाला.

पहिलं इंजिन माणसापेक्षा उंच होतं. ते स्वतःहून चालत नव्हतं, कारखान्याच्या शाफ्टवरून पट्टा लावून त्याला फिरवावं लागायचं. हवा हवी तेवढी दाबलीच जात नव्हती. कारण पिस्टन आणि व्हॉल्वमधून ती निसटत होती. १० ऑगस्ट १८९३ ला आत पेट्रोल सोडलं तेव्हा असा भडका उडाला की दाब मोजणारं यंत्रच फुटलं. तुकडे डिझेल आणि त्याच्या माणसांच्या जवळून गेले.

दुसरा कोणी असता तर घरी गेला असता. पण हा गडी खूश होता, कारण एक गोष्ट सिद्ध झाली होती. नुसत्या दाबलेल्या हवेत इंधन पेटतं.

आता प्रश्न उरला तो प्रत्येक वेळी पेटतं का, याचा. एकदा पेटायचं, मग चार फेऱ्या कोरड्या जायच्या. म्हणजे जगातलं पहिलं डिझेल इंजिन जन्मापासूनच मिसिंग मारत होतं.

डिझेलने मग एकेक गोष्ट वेगळी काढून तपासायला सुरुवात केली. आधी फक्त दाब. पिस्टनचं पॅकिंग बदल, व्हॉल्व बदल, गळती बंद कर. मग फक्त फवारा. तेल थेंबाथेंबाने पडलं तर पेटत नाही आणि नुसता धूर होतो, म्हणून नोझल बदल. शेवटी त्याने तेल आत ढकलायला दाबलेली हवाच वापरली. मग वेळ. फवारा जरा लवकर आला तर इंजिन ठोकतं, उशिरा आला तर ताकद जाते. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. प्रत्येक चाचणीची नोंद ठेवली जायची.

१७ फेब्रुवारी १८९४ ला इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या जिवावर फिरलं. एकच मिनिट. पट्टा इंजिनाला फिरवायच्या ऐवजी इंजिन पट्ट्याला ओढायला लागलं.

बरोबर तीन वर्षांनी, १७ फेब्रुवारी १८९७ ला, प्राध्यापक मोरित्स श्र्योटर यांनी नव्या इंजिनाची रीतसर चाचणी घेतली. इंधनातली २६.२ टक्के उष्णता कामाला लागत होती. वाफेच्या इंजिनाच्या दुपटीपेक्षा जास्त.

आजच्या गॅरेजमध्येही तेच तीन प्रश्न

डिझेलचं इंजिन तीन मजले उंच जहाजातलं असो नाहीतर तुमच्या हॅचबॅकमधलं, त्याला तीनच गोष्टी लागतात. पुरेसा दाब, नीट फवारा आणि बरोबर वेळ. मिसिंग येतं तेव्हा यातलं काहीतरी हुकलेलं असतं. म्हणून चांगला मेकॅनिक थेट इंजेक्टर बदला असं सांगत नाही. आधी तो विचारतो, मिसिंग कधी येतं?

सकाळी थंड असतानाच येत असेल आणि पांढरा धूर निघत असेल, तर हीटर प्लग किंवा कमी झालेलं कॉम्प्रेशन बघायचं. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं तेल. काळा धूर असेल तर तेलाच्या मानाने हवा कमी पडते, म्हणजे एअर फिल्टर, टर्बोचा पाइप किंवा गळका इंजेक्टर.

चढावर किंवा जोर लावल्यावरच येत असेल, तर डिझेल फिल्टर चोंदलाय का, तेलात पाणी आहे का, हे आधी बघायचं. टाकी कमी असताना किंवा गाडी रात्रभर उभी राहिल्यावर येत असेल, तर लाइनने एअर धरलेली असते. एखादा वॉशर किंवा क्लिप ढिली असते. तिथून तेल बाहेर गळत नाही, पण हवा आत शिरते. फिल्टरनंतर थोडा पारदर्शक पाइप जोडला की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. आणि इंजिन तापल्यावरच येत असेल, तर सेन्सर किंवा इंजेक्टरच्या वायरिंगवर संशय घ्यायचा.

जुन्या पंपाच्या गाड्यांत मेकॅनिक एकेका इंजेक्टरचा नट ढिला करून बघायचे. ज्याचा नट ढिला केल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. पण आजच्या कॉमन रेल गाडीत हे चुकूनही करू नका. त्या पाइपमध्ये हजार बारहून जास्त दाब असतो आणि ती तेलाची धार कातडी फाडून आत जाते. तिथे स्कॅनर लावून आणि इंजेक्टरच्या रिटर्न लाइनला किती तेल येतं ते मोजून निदान करतात.

मशीन सुधारलं, माणूस थकला

१८९७ नंतर डिझेलकडे पैशाचा पूर आला. देशोदेशींच्या कंपन्यांनी हक्क विकत घेतले. अमेरिकेचे हक्क अडॉल्फस बुश या बिअरसम्राटाने घेतले, रशियाचे नोबेल घराण्याने. १८९८ मध्ये विकलं गेलेलं पहिलं इंजिन केम्प्टनच्या एका कारखान्यात बसलं. गंमत म्हणजे तो कारखाना काडेपेट्यांचा होता. काडीशिवाय पेटणारं इंजिन काड्या बनवायला लागलं.

पण प्रयोगशाळेत चालणारं मशीन गिऱ्हाइकाकडे अडायला लागलं. तक्रारी आल्या, इंजिनं परत आली. कल्पना आमचीच म्हणत विरोधक पुढे आले. डिझेलची तब्येत ढासळली. म्युनिकमध्ये त्याने टोलेजंग बंगला बांधला, जमिनीच्या व्यवहारांत पैसे घातले आणि ते बुडाले.

इंजिन मात्र पुढे जात राहिलं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं गेलं. १९१२ मध्ये सेलांडिया हे डॅनिश जहाज डिझेल इंजिनावर कोपनहेगनहून बँकॉकला गेलं.

२९ सप्टेंबर १९१३. बेल्जियमच्या अँटवर्पहून डिझेल ड्रेस्डेन नावाच्या बोटीत बसला. इंग्लंडमध्ये कंपनीची मीटिंग होती. सोबत्यांबरोबर जेवला, रात्री दहाच्या सुमारास केबिनमध्ये गेला, सकाळी सव्वासहाला उठवायला सांगितलं. सकाळी केबिन रिकामी होती. बिछान्यावर कोणी झोपलेलं नव्हतं. डेकवर त्याची हॅट आणि ओव्हरकोट व्यवस्थित ठेवलेले सापडले. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. खिशातल्या वस्तू मुलगा ऑयगेनने ओळखल्या. वय अवघं ५५.

खून, अपहरण, गुप्तहेर, तेलवाल्यांचा कट, असे तर्क आजही लढवले जातात. पण त्याची बँक खाती जवळपास रिकामी होती, कर्ज डोक्यावर होतं आणि डायरीत त्या तारखेपुढे फुली मारलेली होती. त्यामुळे बहुतेक अभ्यासकांचा कल आत्महत्येकडे आहे. इंजिनाचा प्रत्येक बिघाड त्याने माणसं सोबत घेऊन, नोंदी ठेवून शोधला. पैशांचा बिघाड मात्र घरच्यांनाही कळू दिला नाही.

डिझेलवर चालणारी कार सर्रास विकत मिळायला १९३६ उजाडलं. मर्सिडीजची २६० डी ही त्यातली पहिली. ते शक्य झालं कारण मधल्या काळात रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने इंजेक्शन पंप बनवला आणि हवेचा अवजड कॉम्प्रेसर गेला. आपल्याकडे १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि याच तत्त्वावरची इंजिनं विहिरीवर पाणी उपसायला लागली.

त्यामुळे तुमची गाडी मिसिंग मारायला लागली, तर एक साधं काम करा. ते कधी येतं, थंड की गरम, चढावर की सपाटीला, धुराचा रंग काय, हे आठ दिवस मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि ती यादी मेकॅनिकला दाखवा. आणि एका वेळी एकच पार्ट बदलायला सांगा. तुमचे पैसेही वाचतील आणि बिघाडही सापडेल.