मलिक अंबर

सुमारे चारशे वर्षांपूर्वी आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या जागी खडकी नावाचे लहान गाव होते. या गावाचे शहर केले ते मलिक अंबरने.

त्याचा जन्म सुमारे १५४८ साली आफ्रिकेतील इथिओपिया देशात झाला. त्याचे पहिले नाव चापू. लहानपणीच त्याला गुलाम म्हणून विकण्यात आले. हातोहात विकला जात तो बगदादला पोचला. तेथे मीर कासिम नावाच्या मालकाने त्याची हुशारी ओळखली. त्याला शिकवले आणि अंबर हे नाव दिले.

पुढे तो दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. चंगीझखान स्वतःही पूर्वी गुलाम होता. त्याच्याजवळ राहून अंबर राज्यकारभार शिकला. चंगीझखानाच्या मृत्यूनंतर अंबर गुलामीतून मुक्त झाला.

१६०० साली अकबराच्या फौजेने अहमदनगरचा किल्ला जिंकला. निजामशाही संपली, असे अनेकांना वाटले. पण अंबरने निजामशाही घराण्यातील एका राजपुत्राला परांड्याच्या किल्ल्यात गादीवर बसवले. राजा तो राजपुत्र, कारभार मात्र अंबरचा! पुढे सुमारे पंचवीस वर्षे त्याने हे राज्य टिकवले.

मोगलांची फौज फार मोठी होती. म्हणून अंबरचे घोडेस्वार अचानक हल्ला करत, शत्रूची रसद तोडत आणि डोंगरांत दिसेनासे होत. त्याच्या सैन्यात हबशी, दख्खनी मुसलमान आणि मराठे खांद्याला खांदा लावून लढत. १६२४ साली भातवडीच्या लढाईत त्याने मोगल आणि विजापूरकर यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला. या लढाईत शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. बादशहा जहांगीरने तर अंबरच्या शिरावर आपण बाण मारत आहोत, असे चित्र काढून घेतले. प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही.

१६१० साली अंबरने खडकी येथे शहर वसवले. पण एवढ्या लोकांना पाणी कोठून आणायचे? डोंगराच्या बाजूला पावसाचे पाणी जमिनीत मुरत होते. ते पाणी त्याने भुयारी नहरीतून शहरात आणले. नहरीला बेताचा उतार दिला होता. त्यामुळे पाणी आपोआप वाहत येई. या नहरीला नहर-ए-अंबरी म्हणतात. १६१६ साली मोगलांनी खडकी जाळली. तरी अंबरने शहर पुन्हा उभे केले. जमिनीचा कस पाहून शेतसारा ठरवण्याची पद्धतही त्याने घातली.

१६२६ साली तो मरण पावला. खुलताबादला त्याची कबर आहे. मोगलांचा इतिहासकार मोतमिदखान यानेही त्याची थोरवी मान्य केली. १६३६ साली निजामशाही संपली. शहराची नावेही बदलली. पण त्याच्या नहरीचे पाणी पुढे शेकडो वर्षे लोकांची तहान भागवत राहिले. १६१२ साली त्याने बांधलेला भडकल दरवाजा आजही शहरात उभा आहे.

शब्दार्थ
रसद – सैन्याला पुरवले जाणारे धान्य व सामान
भुयारी – जमिनीखालची
कस – जमिनीची सुपीकता
शेतसारा – शेतजमिनीवरील कर

स्वाध्याय
१. अंबर राज्यकारभार कोणाजवळ शिकला?
२. नहरीतील पाणी आपोआप का वाहत असे?
३. मोठ्या मोगल फौजेशी अंबर कसा लढला?