तिसरा नाइटगाऊन

डिटेक्टिव्ह म्हटलं की सगळ्यांना शेरलॉक होम्स आठवतो. मला मात्र जॅक व्हिचर जास्त आवडतो, कारण तो खरा होता.

लंडनच्या कॅम्बरवेलमधल्या एका माळ्याचा हा मुलगा, जन्म 1814 चा. 1837 मध्ये पोलिसात शिपाई म्हणून लागला. 1842 मध्ये डिटेक्टिव्ह शाखा निघाली तेव्हा एवढ्या मोठ्या लंडनसाठी माणसं किती? फक्त आठ! साध्या कपड्यांत गर्दीत मिसळायचं, पाकीटमारांचे चेहरे लक्षात ठेवायचे, हे रोजचं काम. बोटांचे ठसे वगैरे काही नाही, सगळी भिस्त नजरेवर.

1860 मध्ये रोड गावच्या केंट कुटुंबात जेमतेम चार वर्षांच्या मुलाचा खून झाला. व्हिचर पोचला तेव्हा दोन आठवडे उलटून गेले होते. त्याने मुलाच्या सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीच्या, कॉन्स्टन्सच्या कपड्यांची यादी मागवली. यादीत नाइटगाऊन तीन, हातात दोनच. (वर्कशॉपमध्ये टूल्स मोजून परत घेणारे आमचे सर आठवले!) त्याने तिला अटक केली. पण तिसरा गाऊन शेवटपर्यंत मिळाला नाही आणि आठवड्यात ती सुटली. साध्या घरातल्या पोलिसाने घरंदाज मुलीवर आळ घेतला म्हणून पेपरवाले तुटून पडले, पार्लमेंटातही टीका झाली.

1864 मध्ये तब्येतीमुळे तो निवृत्त झाला. आणि 1865 मध्ये कॉन्स्टन्सने स्वतःहून गुन्हा कबूल केला!

पुढे व्हिचर खासगी तपास करू लागला. टिचबोर्न घराण्याच्या तोतया वारसाचा माग त्याने वॉपिंगपर्यंत काढला. पद्धत तीच जुनी, दारोदार चौकशी.